बावीस कार्डं, बावीस माणसं

१

सहलीतली माणसं पाठीमागे आपल्याला 'यादीताई' म्हणतात, हे ताईंना ठाऊक होतं. बारा वर्षं प्रवासी कंपनीत सहलप्रमुख म्हणून घासल्यावर एवढं तरी कळतंच. शिवाय नाव काही खोटं नव्हतं. त्यांची कंपनी वादळांच्या हंगामात लोकांना समुद्रकिनारी न्यायची, कारण तेव्हा हॉटेलं निम्म्या दरात मिळत. जाहिरातीत 'स्वस्त आणि मस्त' असं छापलेलं असे. मस्तची जबाबदारी कंपनीची, बाकी जे काही व्हायचं ते ताईंच्या डोक्यावर.

म्हणून त्यांनी एकोणीस मुद्द्यांची यादी केली होती आणि पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना चहाबरोबर ती पाजली होती. कागदपत्रं आणि औषधं प्लास्टिकच्या पिशवीत. पिण्याचं पाणी भरून ठेवायचं. खोली सोडताना विजेचं मुख्य बटण बंद करायचं. निवाऱ्याचा फोन नंबर अंगावर कुठेतरी लिहून ठेवायचा. बस चुकली तर बाहेर भटकायचं नाही, खोलीच्या आतल्या बाथरूममध्ये बसायचं आणि दाराला गादी लावायची. आणि अठरावा मुद्दा त्या नेहमी दोनदा वाचत: वारा थांबला म्हणजे वादळ गेलं असं समजू नका, ते नुसतं कूस बदलतंय, निवाऱ्याबाहेर पाऊल टाकू नका.

"एवढं सगळं करायचं तर सहलीला कशाला, घरीच थांबायचं की," वायरमनकाका म्हणाले आणि सगळे हसले.

वायरमनकाका म्हणजे वीजखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. वय सत्तरीच्या आतबाहेर, आणि अंगात भिंगरी. हॉटेलात पाऊल ठेवल्यापासून त्यांनी तिसऱ्या मजल्यावरचे तीन दिवे, एक पंखा आणि जिन्यातली घंटा दुरुस्त केली होती, कुणी सांगितलेलं नसताना. खिशात कायम टेस्टर. काकू म्हणायच्या, "ह्यांना एका जागी बसवायचं तर बुडाला खिळे ठोकावे लागतील." पण हसणाऱ्या त्या माणसाने यादीतला एकूण एक मुद्दा वहीत उतरवून घेतला होता, आणि शंकाही विचारल्या होत्या. ताईंना असा प्रवासी मनापासून आवडायचा.

२

वादळ दोन दिवसांनी दुरून जाणार होतं. रात्रीतून त्याने वाट बदलली. सकाळी नऊ वाजता हॉटेलच्या मॅनेजरने दार ठोठावलं आणि सांगितलं, दहाच्या आत सगळ्यांनी गावातल्या शाळेत निवाऱ्याला जायचं, हॉटेल बंद होतंय. तो सांगत होता तेव्हाच त्याची माणसं आपापल्या घरी पळत सुटली होती. त्यांनाही घरं होतीच.

ताईंची मोजायची एक पद्धत होती. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड, त्यावर नाव, रक्तगट आणि घरचा फोन. बसमध्ये चढताना कार्ड ताईंच्या हातात द्यायचं, उतरल्यावर परत घ्यायचं. डोकी मोजायला गेलं की एक डोकं फोटो काढत असतं, एक दुकानात शिरलेलं असतं, आणि तिसरं दोनदा मोजलं जातं. कार्डं कशी, हातात गप्प बसतात. बारा वर्षांत ह्या पद्धतीने त्यांचा एकही माणूस हरवला नव्हता.

त्या सकाळी पाऊस आडवा लागत होता. छत्र्या उलट्या होत होत्या, माणसं बॅगा डोक्यावर धरून बसमध्ये शिरत होती आणि ताई दारात भिजत कार्डं गोळा करत होत्या. काकूंनी दोन कार्डं एकदम पुढे केली. "हे माझं आणि हे ह्यांचं. ह्यांचं माझ्याकडेच असतं, नाहीतर कुठल्या तरी तारेला अडकवून येतील."

"काका चढले ना?"

"चढले असतील मागच्या दाराने. घ्या हो तुम्ही, मी भिजतेय."

ताईंनी घेतली. एकदा मोजली, दुसऱ्यांदा मोजली. बावीस. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला दादा."

३

शाळेचं सभागृह भक्कम होतं. खिडक्यांना लोखंडी झडपा, दाराला आतून आडवा गज, छताला जनरेटरवरचे चार बल्ब. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई निवाऱ्याचा कारभार पाहत होत्या. त्यांनी प्रत्येकाला चटई नेमून दिली आणि जोडे एका रांगेत ठेवायला लावले. वादळ असो नाहीतर प्रलय, ओळ सरळ पाहिजे, असा त्यांचा बाणा होता.

ताई कार्डं परत वाटत फिरल्या. सगळी माणसं नखशिखान्त भिजली होती. कुणी केस पिळत होतं, कुणी मोजे. भिंतीच्या कडेला काकू बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, पाठ भिंतीला टेकवून, काका.

ताईंनी कार्ड पुढे केलं. काकांनी ते घेतलं तेव्हा त्यांची बोटं ताईंच्या हाताला लागली. बोटं कोरडी होती. ताईंच्या मनात एवढंच आलं की बरं आहे, निदान एकाकडे तरी धड रेनकोट होता. मग त्यांची नजर काकांच्या शर्टावर गेली. इस्त्रीची घडी तशीच होती. पायातल्या चपला त्यांनी काढल्या नव्हत्या, आणि चपलांखालची चटईही कोरडी होती.

"काका, रांगेत चपला ठेवा हं, नाहीतर बाई ओरडतील."

काका हसले. पुढे निवाऱ्याला आलेल्या गावकऱ्यांसकट पस्तीस जणांची नावं, पाणी, औषधं, रडणारं एक पोर, ह्यात ताई ती गोष्ट विसरून गेल्या. किंवा विसरल्या असं त्यांना वाटलं.

४

बारानंतर वाऱ्याचा आवाज बदलला. आधी तो झोंबत होता, आता नुसता जोर लावत होता, अखंड, मध्ये श्वास न घेता. झडपा आतल्या बाजूला थरथरत होत्या. मोबाइल तर केव्हाच मेले होते. पण मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतला जुना फोन जिवंत होता, कारण त्याची तार जमिनीखालून होती. तोच वाजला.

बाईंनी सभागृहात येऊन विचारलं, "यादीताई कोण?"

ताई उठल्या. दोघा-तिघांनी हसू दाबलं.

फोनवर खरखर होती, आणि तिच्यामागून आवाज आला. "ताई? माफ करा हं, नाव आठवेना, म्हणून यादीताई म्हणून मोकळा झालो. बस परत किती वाजता येणार?"

"कोण बोलतंय?"

"मी, वायरमन. तीनशे सातमधून. अहो, बसपाशी आलो आणि आठवलं की मुख्य बटण बंद करायचं राहिलं. तुमचा सातवा मुद्दा. वर जाऊन बंद करून येतो तर बस नाही. हॉटेलात चिटपाखरू नाही. मग काय, बाथरूममध्ये गादी लावून बसलोय. फोनची वायर आत ओढून घेतली, बाहेरची लाइन सरळ जोडली. नंबर तळहातावर लिहिला होता, म्हणून बरं."

बोलणं त्यांचंच होतं, एका श्वासात चार गोष्टी सांगायचं. ताईंनी खोलीच्या दारातून सभागृहात पाहिलं. काकूंशेजारी काका बसले होते. पाठ भिंतीला, हात मांडीवर.

"काका," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. "काका, तुम्ही बाथरूममध्येच थांबा. दार उघडू नका. मी काहीतरी करते."

"ही काळजी करत असेल. हिला सांगा, मी ठीक आहे म्हणून."

५

कोणीतरी चेष्टा करतंय, हा पहिला विचार. पण चेष्टा करायला हॉटेलात माणूस हवा, आणि त्याला सातवा मुद्दा पाठ हवा. दुसरा विचार असा की तारेत कुठेतरी गोंधळ झाला असेल. तिसरा विचार त्यांनी होऊ दिला नाही.

त्या पाण्याची बाटली घेऊन काकूंपाशी जाऊन बसल्या. काकू खुशीत होत्या. "बघा ताई, आज कसे शहाण्यासारखे बसलेत. चाळीस वर्षांत असं सलग तासभर माझ्याजवळ बसलेले आठवत नाहीत. वादळाला घाबरले वाटतं."

"काकू, बसमध्ये काका कुठे बसले होते?"

"मागे असणार. मला काही दिसले नाहीत. उतरले तेव्हा मात्र शेजारीच उभे होते." काकूंनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. "हात तेवढे गार पडलेत."

त्यांच्या डोक्यावरचा बल्ब लुकलुकत होता आणि बारीक गुणगुणत होता. सगळ्यांच्या डोळ्यांना तो खुपत होता. एरवी काका आतापर्यंत बाकावर चढून होल्डर पिळत असते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नव्हतं.

"काका, हा बल्ब जरा बघता का?" ताई म्हणाल्या.

काकांनी मान वळवली. चेहरा त्यांचाच, हनुवटीवरच्या तिळासकट. ते शांतपणे म्हणाले, "खिडकीपासून दूर बसा. पिण्याचं पाणी भरून ठेवा."

"नाही, मी बल्बचं म्हणतेय."

"कागदपत्रं आणि औषधं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा," काका म्हणाले. शब्द ताईंचे होते, आणि जिथे ताई श्वास घ्यायच्या तिथेच त्यांनी श्वास घेतला. काकू हसल्या. "तुमची यादी पाठ झालीय ह्यांना."

ताई जरा मागे सरकल्या. पण भ्यालेला म्हातारा माणूस पाठ केलेलं बडबडतो, हे काही अशक्य नाही. त्यांनी स्वतःला असं बजावलं आणि त्या उठल्या.

६

दुसरा फोन दोनच्या सुमारास आला. या वेळी बाईंनी हाक मारायची वाटच न बघता ताईंनी धावत जाऊन उचलला.

पलीकडून कुजबुज आली. "कोण?"

"मी ताई."

मग काका अगदी हळू म्हणाले, "तुम्ही फोनवर कशा? तुम्ही तर इथे बाहेर उभ्या आहात."

"कुठे?"

"बाथरूमच्या दाराशी. मघापासून हाका मारताय. 'काका चला, बस खाली उभी आहे, काकू वाट बघतायत.' आवाज तुमचाच. मी कडी काढणारच होतो. पण एवढ्या वाऱ्यात बस आली कशी? म्हटलं, आधी फोन करून बघावा."

ताईंनी छतावर धडकणारा वारा ऐकला. त्या वाऱ्यात बस काय, बैलसुद्धा उभा राहिला नसता. "काका, मी शाळेत आहे. इथून हललेली नाही. उघडू नका."

"मग ही कोण?" काकांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "ताई, मला न्यायला या हो."

फोन बंद झाला. ताई रिसीव्हर धरून उभ्या राहिल्या. तो माणूस आपल्या यादीपायी मागे राहिलाय आणि त्याला न पाहता आपण बस सोडली, हे त्यांना स्वच्छ कळलं. मग भिंतीशी बसलेलं ते कोण, ह्याचा विचार करायला त्यांच्यात ताकद नव्हती. त्यापेक्षा माणूस आणायला जाणं सोपं होतं.

आणि तेवढ्यात वारा थांबला. हळूहळू कमी झाला नाही, थांबला. कानात दडे बसल्यासारखी शांतता आली.

"दादा, गाडी काढा," ताई ड्रायव्हरला म्हणाल्या.

मुख्याध्यापिकाबाई गजाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "तुमचीच यादी तुमच्या लोकांनी मला वाचून दाखवली. अठरावा मुद्दा."

"बाई, माणूस मागे राहिलाय."

"कोण? तुमची बावीस कार्डं वाटून झालीत. मी पाहिलंय."

"कार्डं बावीसच आहेत. माणसाचं विचारू नका. मला धड सांगता येणार नाही, आणि सांगितलं तर तुम्ही मला कोंडून ठेवाल."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "वारा आता उलट्या बाजूने येईल, समुद्राकडून. किनाऱ्यावरची ती हॉटेलं दुसऱ्या फेऱ्यात टिकत नाहीत. मागच्या खेपेला दोन कोसळली. तुमच्याकडे चाळीस मिनिटं आहेत. नंतर दार उघडणार नाही, सख्खी बहीण बाहेर असली तरी."

गज बाजूला झाला. मागून काकांचा आवाज आला, संथ, एकसुरी. "वारा थांबला म्हणजे वादळ गेलं असं समजू नका. निवाऱ्याबाहेर पाऊल टाकू नका." त्यांनी ते दोनदा म्हटलं.

७

शाळेच्या छोट्या गाडीतून ते निघाले. आभाळात वर एक गोल निळा तुकडा होता आणि त्याच्या भोवती ढगांच्या भिंती. ऊन पिवळं पडलं होतं. रस्त्यावर समुद्रपक्षी बसले होते, शेकड्यांनी, दमून. गाडी आली तरी उडेनात. ड्रायव्हर त्यांच्यामधून वाट काढत होता.

हॉटेलच्या तळमजल्यावर घोट्याएवढं पाणी होतं. "मी गाडी वळवून ठेवतो," ड्रायव्हर म्हणाला. "वारा लागला की हॉर्न देईन. मग मात्र जसे असाल तसे या."

ताई जिना चढल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बोळाची खिडकी फुटली होती आणि गालिचा पाण्याने गच्च झाला होता. प्रत्येक पावलाखाली पाणी निघत होतं. तीनशे सातचं दार उघडं होतं. आतला गालिचाही तसाच ओला. फोनची वायर भिंतीच्या कडेने, जागोजाग चिकटपट्टी लावून, बाथरूमच्या दाराखालून आत गेली होती. एवढ्या संकटातही वायर सरळ रेषेत. ते बघून ताईंना रडूच आलं.

बाथरूमच्या दारासमोर मात्र गालिच्यावर दोन ठिपके कोरडे होते. शेजारी शेजारी, पावलांएवढे. तिथे कोणी बराच वेळ उभं राहिलं असावं. ताई त्यांच्यावर पाय न देता बाजूला उभ्या राहिल्या.

"काका. मी ताई. खरी."

आतून उत्तर आलं, पण उशिरा. "मघाची पण खरीच म्हणत होती."

"गाडी आणलीय. वेळ नाही. चला."

"ही कुठाय?"

"शाळेत. सुखरूप आहेत."

"एकटीच?"

ताई थांबल्या. खोटं बोलणं सोपं होतं. पण दाराशी जे आधी येऊन गेलं होतं, ते गोड बोललं होतं, आणि काकांनी त्याला दार उघडलं नव्हतं. खोटं कोणीही बोलेल, खरं फक्त मीच सांगू शकते, असं त्यांना वाटलं. त्या दाराला अगदी टेकल्या.

"नाही. त्यांच्या शेजारी तुम्ही बसलेले आहात, काका. तुमच्यासारखं कोणीतरी. हात गार आहेत. मला काही समजत नाही, मी काही लपवत पण नाही. म्हणून सांगते, तुम्ही माझ्याबरोबर चला आणि त्यांना सोडवा."

आत काही हललं नाही. खाली हॉर्न वाजला, एकदा, मग न थांबता. बोळातल्या फुटक्या खिडकीतून वाऱ्याची पहिली झुळूक आली, उलट्या बाजूने.

"मी खाली जाऊन गाडी धरून ठेवते," ताई ओरडल्या. "दोन मिनिटांत या. यायलाच पाहिजे."

पहिला जिना उतरल्यावर त्यांना वर कडी सरकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या जिन्यावर पावलं ऐकू आली, त्यांच्यामागून, घाई नसलेली. ताईंनी वर पाहिलं तर कठड्यावरून सरकत येणारा एक हात दिसला, मनगटावर काकांचं जुनं घड्याळ. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या पाण्यातून धावत सुटल्या, मागून गाडीचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला, आणि ड्रायव्हरने गाडी अशी पळवली की पक्षीसुद्धा या वेळी उडाले.

"मुख्य बटण बंद केलं," मागच्या सीटवरून काका म्हणाले.

"छान केलंत काका," ताई म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि रडत होत्या, आणि पुढच्या काचेवर आदळणाऱ्या पावसातून शाळेचं फाटक शोधत होत्या.

८

फाटकापासून दारापर्यंतच्या वीस पावलांत ताई आणि ड्रायव्हर पुन्हा चिंब झाले. बाईंनी त्यांना आत ओढलं, गज टाकला, त्यावर बाक सरकवलं, आणि दुसऱ्याच क्षणी दारावर समुद्राकडचा वारा आदळला.

"आता संध्याकाळपर्यंत हे उघडत नाही," बाई म्हणाल्या.

ताईंनी भिंतीकडे पाहिलं. काकूंशेजारची जागा रिकामी होती.

"हात धुऊन येतो म्हणाले," काकू म्हणाल्या. "बराच वेळ झाला. आले वाटतं."

आणि ताईंच्या मागून काका पुढे झाले, चटयांमधून वाट काढत गेले आणि काकूंजवळ बसले. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. सगळं जागच्या जागी आलं. जे काही इथे बसलं होतं ते गेलं, आपण खरा माणूस आणून त्याच्या जागी बसवला. अठरावा मुद्दा मोडला, पण माणूस आणला. ताई ओल्या कपड्यांनिशी जमिनीवर बसल्या, आणि त्यांना सकाळपासून पहिल्यांदाच भूक लागली.

मग फोन वाजला.

बाईंनी ताईंकडे पाहिलं. ताई उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी रिसीव्हर कानाला लावला.

"ताई," काका म्हणाले. मागे वारा इतका होता की शब्द तुटून येत होते. "ताई, तुम्हीच ना? ती पुन्हा येऊन गेली. या वेळी दाराला टेकून बोलली. म्हणाली, मी म्हणे तिकडे हिच्याजवळ बसलोय. असं भलतंसलतं तुम्ही कशाला बोलाल? तेव्हाच ओळखलं मी. श्वाससुद्धा घेतला नाही. ती गेली. आता भिंती हलायला लागल्यात. तुम्ही निघालात ना?"

ताईंनी खोलीच्या दारातून पाहिलं. सभागृहातली सगळी माणसं वाऱ्याकडे कान लावून बसली होती. काका फोनकडे बघत होते. पाऊस झोडपत असताना गाडीतून उतरलेल्या त्या माणसाच्या शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती.

दारावरचा गज दोन माणसांच्या दंडाएवढा जाड होता. तो निघाला असता तरी बाहेर आता रस्ता राहिला नव्हता.

"काका, ऐका," ताई म्हणाल्या. "मी आत्ता नाही येऊ शकत. वारा थांबला की येते. तोवर टबमध्ये आडवे पडा, अंगावर गादी घ्या. आणि कोणी आलं तरी कडी काढू नका. मी आले तरी."

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की भिंतीजवळ काकांचे ओठ हलतायत. आवाज नव्हता. पण ताईंच्या तोंडून शब्द निघत होता त्याच क्षणी तो त्या ओठांवर होता. 'मी आले तरी' हेसुद्धा, एक अक्षर मागेपुढे न होता.

"बरं," फोनवरचे काका म्हणाले. "तुम्ही म्हणताय तसंच करतो. ताई, तेवढं एक सांगा, ही बरी आहे ना?"

काकूंनी डोळे मिटून त्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच नवरा असा स्वस्थ बसलाय, म्हणून चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांच्या पदराचा जो भाग त्या शर्टाला लागला होता, तेवढा वाळला होता.

ताईंनी दाराकडे पाठ केली आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला.

"बऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "झोपल्यात."